इंजिन बदललं, मिसिंग राहिलं

या महिन्यात इंजिन बदललेल्या गाड्यांचीच पत्रं जास्त आली. कुणी मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन आणलंय, कुणी भावाच्या पडून असलेल्या गाडीचं काढून घातलंय, आणि तक्रार सगळ्यांची एकच, गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनच ठोका चुकते. माझं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला. आजूबाजूला सगळे लेथवाले, बोअरिंगवाले, फाउंड्रीवाले, त्यामुळे गाडी एका घरची आणि इंजिन दुसऱ्या घरचं अशी वाहनं माझ्या दारात कायम उभी असतात. या सोयरिकीत भांडण नवरा-नवरीत क्वचितच असतं, ते व्याह्यांच्या देण्याघेण्यात असतं. म्हणजे इंजिन चांगलं, गाडीही चांगली, पण दोघांना जोडायला जे पाईप, वायरी, क्लिपा आणि पट्ट्या लागल्या तिथं काहीतरी राहून गेलेलं असतं. पहिली शंका तिथं घ्यायची. आता पत्रं.

प्रश्न : माझ्या जुन्या 970 सीसी कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीचं इंजिन निकामी झालं. एका फॅब्रिकेटरकडून तिच्यात एस्टीमचं 1298 सीसीचं एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) इंजिन बसवून घेतलं, वायरिंग आणि ईसीएमसकट (इंजिनाचा कॉम्प्युटर). सकाळी गार असताना गाडी झकास चालते. गरम झाली की आयडलिंग (रेस न देता इंजिनाचा वेग) वर-खाली होतं, 2000 ते 2500 आरपीएमला मिसिंग मारते आणि खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला धक्के देते. प्लग काजळीनं काळे होतात, ॲव्हरेज लिटरला सात. प्लग, कॉइल, हायटेन्शन वायरी आणि ऑक्सिजन सेन्सर नवीन टाकले, इंजेक्टर साफ केले. आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेलाय, दुसरा आणा. आणू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नका आणू. ईसीएम हा शेवटचा संशयित. फॅब्रिकेटरनं गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचा कपलर सोडला होता की नाही, एवढं मात्र त्याला विचारून ठेवा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात : गार असताना झकास, गरम झाली की खराब. गार इंजिनात ईसीएम एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या सेन्सरला, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरला, विचारतच नाही. पाण्याचं तापमान, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या पाईपांतला) दाब आणि आरपीएम बघून तो आपल्याकडच्या ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो. पाणी तापलं आणि सेन्सर तीनशे अंशांच्या आसपास पोचला, की मग तो सेन्सरच्या सांगण्याप्रमाणे मिश्रण जुळवायला लागतो. वजनाच्या हिशेबात 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे त्याचं लक्ष्य. म्हणजे कोष्टकावर चालताना तुमची गाडी ठीक आहे, सेन्सरच्या शब्दावर चालायला लागली की बिघडते. इंजेक्टर, पंप, कॉम्प्रेशन यांतलं काही मोठं गेलं असतं तर सकाळीही कुरकुर झाली असती.

तुम्ही म्हणाल, सेन्सर तर नवा टाकलाय. सेन्सर नवा असेल आणि खरंही बोलत असेल, पण त्याच्यापुढून जाणारा धूरच भेसळीचा असला तर तो काय करणार? एस्टीमचं इंजिन आडवं बसणारं, जिप्सीत ते उभं बसवावं लागतं. त्यामुळे एस्टीमचा एक्झॉस्ट जिप्सीत जसाच्या तसा बसत नाही, बेंड कापून नवा पाईप वेल्ड करावा लागतो. त्या वेल्डिंगला सुईएवढं भोक राहिलं, किंवा फ्लँजचं तोंड वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकडं होऊन पॅकिंग नीट दबलं नाही, की खेळ सुरू. एक्झॉस्टचा धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाईपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो सांगतो, मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी पडतंय. ईसीएम पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात, काजळीतून ठिणगी गळते आणि एखादा सिलिंडर चुकतो. चुकलेल्या सिलिंडरातली न जळलेली हवा पुन्हा सेन्सरपुढून जाते आणि तो पुन्हा म्हणतो, लीन! ईसीएम आणखी पेट्रोल वाढवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पेट्रोल ओततोय म्हणजे ईसीएम वेडा झालाय. तो आज्ञाधारक आहे, एवढंच.

घाटात धक्के का, तेही यातच आलं. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. काळ्या प्लगला ते झेपत नाही. सपाटीवर निभतं.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. गाडी गरम करा, मिसिंग सुरू झालं की ऑक्सिजन सेन्सरचा कपलर काढा आणि एक चक्कर मारा. चेक लाईट लागेल, लागू दे. गाडी सुधारली तर चोर सापडला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन एकदम गार असताना एकाला सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं धरून बसवा, दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली बेंडाच्या जोडांजवळ कान आणि हात न्या. फुसफुस ऐकू येते, हाताला वारा लागतो. ऐकू आलं नाही तर साबणाचं पाणी ब्रशनं लावा, बुडबुडे दिसतील. पाईप तापायच्या आत हे उरका.

सापडलं की नुसतं एम-सील थापू नका. फ्लँज काढून सपाट करून घ्या, पॅकिंग नवं, वेल्डिंग आतल्या बाजूनं तपासून. सेन्सर कुठं बसवलाय तेही बघा. सोय म्हणून कुणी तो मागं गिअरबॉक्सखाली नेऊन लावतात. एका वायरीचा सेन्सर असेल तर त्यात स्वतःचा हीटर नसतो, तो धुराच्या उष्णतेवरच जागा राहतो. तिथं आयडलिंगला तो गार पडतो, ईसीएम कधी त्याचं ऐकतो, कधी नाही, आणि आयडलिंग झोके घेतं. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डचे चारही पाईप एकत्र येतात त्याच्या लगेच पुढची जागा त्याची. दुरुस्तीनंतर प्लग साफ करा किंवा बदला आणि बॅटरीची केबल थोडा वेळ काढून ठेवा, नाहीतर जुनी काजळी आणि ईसीएमच्या जुन्या सवयी तुमची दिशाभूल करतील.

कपलर काढूनही काही फरक पडला नाही तर? मग पेट्रोलचा दाब मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. तुमच्या मूळ जिप्सीचा पंप इंजिनाला चिकटलेला, डायफ्रामचा. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल पोचवायला लागतो पाव बार दाब, तेवढाच तो देतो. एमपीएफआयला अडीच ते तीन बार लागतात, म्हणून नवा इलेक्ट्रिक पंप तुमच्याकडे बसवलेला असणारच. विसरतात ती परतीची नळी. जास्तीचं पेट्रोल रेग्युलेटरमधून टाकीत परत जायला हवं. कार्ब्युरेटरच्या काळातली बारीक परतीची नळी तशीच ठेवली, किंवा ती चॅसिसच्या पट्टीखाली चेपली, की इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब चढतो आणि तेवढ्याच वेळात इंजेक्टर जास्त पेट्रोल मारतो. रेग्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळीही काढून वास घ्या. तिच्यात पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन तिथून चोरून पेट्रोल पितंय. (हे सगळं करताना बिडीवाला मदतनीस लांब ठेवा.)

दाब कमी असेल तर लक्षण वेगळं. गाडी घाटात मरते, पण प्लग पांढरट असतात, काळे नाहीत. जुन्या टाकीत पेट्रोल हेलकावून पंपाचं तोंड उघडं पडतं. टाकी भरलेली असताना घाट नीट चढते आणि पाव टाकीवर अडखळते, असं दिसलं तर दुसरीकडं बघूच नका.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. आपल्याकडं गाडी तापायला लागली की पहिला सल्ला : थर्मोस्टॅट काढून फेक. मला या सल्ल्याचा भयंकर राग आहे. एमपीएफआय इंजिनात थर्मोस्टॅट नसेल तर पाणी पुरेसं तापत नाही, ईसीएमला वाटतं इंजिन अजून गारच आहे आणि तो चोक लावल्यासारखं पेट्रोल देत राहतो. जिप्सीला समोरून भरपूर वारा लागतो, तिथं तर हे हमखास. झाकण उघडून बघा, आहे का नाही. पाण्याचे सेन्सरही दोन असतात. एका वायरीचा, तो डॅशबोर्डवरच्या काट्याचा. दोन वायरींचा ईसीएमचा. दोन वायरींच्या सेन्सरला मीटर लावा. गार असताना दोन-अडीच हजार ओहम आणि गरम झाल्यावर तीनशेच्या आसपास असं काहीतरी मिळायला हवं. गरम इंजिनात तो हजारावर अडकला असेल तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) व्हायला दुसरं कारण नको.

अर्थिंगबद्दल दोन शब्द, कारण इंजिन बदललेल्या गाडीत हे फार होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, रबरातून करंट जात नाही. चॅसिसला नवा रंग मारलेला, त्यावरच अर्थची पट्टी आवळलेली. मग करंट मिळेल त्या वाटेनं परततो, क्लचच्या नाहीतर ॲक्सिलेटरच्या केबलमधूनसुद्धा. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर केबल गरम लागली तर समजून जा. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावा आणि स्टार्टर मारा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी बदला, रंग खरवडा. गाडी चालू, हेडलाईट चालू असताना ब्लॉकवर आणि ईसीएमच्या अर्थ वायरीवर 0.1 च्या आत असावं. खराब अर्थिंगमुळे सेन्सरांचे आकडे सरकतात आणि माणूस एकेक सेन्सर बदलत बसतो.

मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची बारीक नळी बघा. ती थ्रॉटलच्या पुढून, म्हणजे मॅनिफोल्डच्या पोटातून निघायला हवी. ती तडकली किंवा भलत्या निपलला लावली तर ईसीएमला वाटतं इंजिनावर फार ओझं आहे. पुन्हा पेट्रोल जास्त. हायटेन्शन वायरींचा क्रम 1-3-4-2 आहे ना, तेही एकदा बोटानं मोजा. कधीकधी इतकंच निघतं.

हे सगळं बरोबर असेल तरच इंजिन उघडायचं बोला. कॉम्प्रेशन बारा ते चौदा किलोच्या घरात हवं आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये एक-दीड किलोपेक्षा जास्त तफावत नको. चारही सारखे पण कमी असतील तर टायमिंग बेल्ट एक दात सरकलाय का बघा. बाजारातून आणलेल्या इंजिनाचा बेल्ट बसवण्यापूर्वीच बदलायचा असतो, इंजिन बाहेर असताना ते अर्ध्या तासाचं काम.

आणि एक युक्ती, गॅरेजवाल्यांना फारशी आवडत नाही. पीयूसी सेंटरवर जा. त्यांच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे येतात. पावती तर घ्याच, पण त्या माणसाला सांगा, गाडी गरम करून आयडलिंगला आणि थोड्या रेसवर असे दोन्ही वेळेला आकडे दाखव. तुमच्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. तो त्याच्याही वर असेल तर मिश्रण रिच, वाद संपला. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र आभाळाला टेकलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. एकतर ठिणगी चुकतेय नाहीतर मिश्रण इतकं लीन आहे की पेटतच नाही. एक्झॉस्टला गळती असेल तर आत आलेल्या हवेनं दोन्ही आकडे पातळ होतात, म्हणून आधी फुसफुस बंद करा.

प्रश्न : ओम्नीत 796 सीसीचंच दुसरं इंजिन टाकलं. पेट्रोलवर लोण्यासारखी चालते, सीएनजीवर घेतली की मिसिंग मारते. किटवाला म्हणतो इंजिन खराब, इंजिनवाला म्हणतो किट खराब. (एक रिक्षा-टेम्पो चालक, चिंचवड)

उत्तर : दोघांनाही चहा पाजा आणि प्लग काढा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा दमदार ठिणगी लागते. जी कॉइल, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी पेट्रोलवर कशीबशी निभावून नेते, ती गॅसवर उघडी पडते. प्लग नवे टाका, गॅप 0.7 मिलिमीटरच्या जवळ ठेवा, वायरी अंधारात बघा. गाडी चालू असताना निळ्या ठिणग्या इकडंतिकडं उडताना दिसल्या तर वायरी फेकून द्या. क्रम 1-3-2.

मग हवा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर मिक्सरची कडी बसते. इंजिन काढताना-घालताना ती नीट बसली नाही किंवा तिच्या पुढं फट राहिली तर गॅसमध्ये जास्तीची हवा मिसळते. एअर फिल्टर तुंबला असेल तर उलटं, गॅस जास्त ओढला जातो. आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केलेत ना? दुसऱ्याच्या गाडीत गॅसवर बरीच चाललेली इंजिनं येतात, त्यांच्या व्हॉल्व्हच्या सीटा झिजून व्हॉल्व्ह आत बसलेले असतात, टॅपेट आवळले जातात आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तसं असेल तर कॉम्प्रेशन तपासल्यावर किटवाला सुटतो.

प्रश्न : यामाहा आरएक्स 100 मोटारसायकलच्या चॅसिसमध्ये आरएक्स 135 चं इंजिन टाकलंय. बेळगावच्या मेकॅनिकनं सेट करून दिलं, तिथं मस्त पळाली. घरी आणल्यापासून अर्ध्या रेसला अडखळते, रेस सोडली तरी आयडलिंग खाली यायला वेळ लागतो, प्लग पांढरा होतो. जपून असावं म्हणून मी टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) दुप्पट घालतोय. ठीक आहे ना? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ठीक नाही. आजच्या आज लांबची रपेट बंद करा. पांढरा प्लग आणि उशिरा खाली येणारं आयडलिंग म्हणजे लीन. टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे पिस्टन चिकटायची तयारी, आणि तो चिकटतो तेव्हा मागचं चाक लॉक होतं.

जास्त ऑइल घालून तुम्ही गाडी आणखी लीन करताय. जेटच्या भोकातून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल घटलं. लिटरला वीस मिलिलिटर, फार तर पंचवीस, बास.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, म्हापसा जवळजवळ समुद्राला लागून. वरची हवा विरळ, खालची दाट. कार्ब्युरेटरला दाट हवेचा अंदाज स्वतः घेता येत नाही, त्यामुळे तिथं बरोबर सेट केलेला जेट तुमच्याकडं तीन-चार टक्के लीन होतो. तेवढ्यानं पिस्टन जाणार नाही, पण काठावरची गाडी काठाच्या पलीकडं जाते. शिवाय हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, प्रमाण साडेतेराला एकच्या जवळ येतं. जुने जेट त्यासाठी केलेले नव्हते. म्हणजे लीन व्हायची दोन कारणं तुमच्याकडं आधीच हजर आहेत आणि तिसरं अजून शोधायचंय.

तिसरं कारण बहुतेक हवेची गळती, कारण नुसत्या लहान जेटनं आयडलिंग असं लटकत नाही. या इंजिनाला मूळचा ऑइल पंप होता. बहुतेक मेकॅनिक तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला सांगतात. पंपाची बारीक नळी इनटेकला जिथं येते ते निपल मग बंद करायला लागतं. कुणी त्यात स्क्रू घालतो, कुणी रबराची टोपी, ती उष्णतेनं तडकते. आधी ते बघा. मग कार्ब्युरेटर आणि इंजिनामधला रबरी जोड आणि रीड व्हॉल्व्हखालचं पॅकिंग. गाडी आयडलिंगला ठेवून प्रत्येक जोडाला ब्रशनं जाडसर इंजिन ऑइल लावा. ज्या ठिकाणी लावल्यावर आवाज बदलेल तिथं फट. एवढ्यानं नाही सापडलं तर मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर ओळख सोपी आहे, गिअर ऑइल कमी होतं आणि पांढरा धूर येतो.

गळती बंद झाल्यावरच जेटला हात लावा. शक्यतो 135 चाच कार्ब्युरेटर मिळवा. 98 सीसीसाठी केलेल्या कार्ब्युरेटरवर 132 सीसी चालवायचंच असेल तर मेन जेट मुद्दाम दोन नंबर मोठा टाकून सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली या. रिच असलेली गाडी धूर काढते, भरडते, पण मरत नाही. अर्ध्या रेसचा कारभार सुईकडं असतो. सुईची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. तुमची तक्रार अर्ध्या रेसची आहे, त्यामुळे बहुधा इथंच काम होईल. एअर स्क्रू आयडलिंगपुरता. तो फिल्टरच्या बाजूला असतो, बाहेर फिरवला की लीन.

तपासायला रिकामा सरळ रस्ता गाठा. पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवा, तशाच रेसवर क्लच दाबून इग्निशन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि प्लग काढून बघा. आयडलिंगवर घरापर्यंत आणून प्लग बघाल तर तो आयडलिंगची कथा सांगेल. कॉफीचा रंग हवा. पांढरा दिसला तर तिथूनच सावकाश घरी.

प्रश्न : स्विफ्ट पेट्रोलमध्ये त्याच मॉडेलचं वापरलेलं इंजिन बसवलं. मोबाईलला जोडायचा स्कॅनर घेतला, त्यावर पी-0302 आणि अधूनमधून पी-0171 येतो. प्रत्येक कोडला एक पार्ट बदलायचा का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : असं केलंत तर स्कॅनर फार महागात पडेल. पी-0302 एवढंच सांगतो की दोन नंबरचा सिलिंडर चुकतोय, का ते सांगत नाही. दोनची कॉइल तीनवर लावा. कोड पी-0303 झाला तर कॉइल. नाही झाला तर तसंच प्लगचं करा, मग इंजेक्टर. काहीच सरकलं नाही तर दोन नंबरचं कॉम्प्रेशन.

पी-0171 म्हणजे मिश्रण लीन. दोन्ही कोड एकत्र आलेत म्हणून माझी पहिली शंका दोन नंबरच्या इनटेकच्या तोंडाशी असलेल्या पॅकिंगवर किंवा इंजेक्टरच्या रबरी रिंगवर. इंजिन बदलताना हे जोड उघडतात आणि जुन्याच रिंगा परत बसवतात.

स्कॅनरवर कोडपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा. शून्याच्या आसपास असावी. दहाच्या वर अधिक गेली तर ईसीएम पेट्रोल वाढवतोय, म्हणजे मुळात कमी पडतंय. आयडलिंगला ट्रिम अधिक वीस आणि 2500 आरपीएमला पाच-सहावर आली तर हवेची गळती. फट तेवढीच असते, पण जास्त हवेत तिचा हिस्सा कमी होतो. याउलट आयडलिंगला बरी आणि चढावर, लोडवर वाढत गेली तर पंप किंवा तुंबलेला फिल्टर. हे दोन आकडे लिहून मेकॅनिककडं न्या, निम्मं काम तुम्हीच केलेलं असेल.

प्रश्न : इंजिन बदलल्याचं आरटीओला सांगावंच लागतं का? बाहेरून कुणाला कळतंय? (नाव-गाव छापू नये ही विनंती)

उत्तर : अपघात झाला की विम्याच्या सर्व्हेअरला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आरसी बुकावर इंजिन नंबर आहे, ब्लॉकवर दुसरा. विमा कंपनीला आणखी काय हवं? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकणं आणि भलतंच टाकणं यांत फरक आहे. पहिल्याला रीतसर वाट आहे. आरटीओची परवानगी आधी काढायची, इंजिन मग उतरवायचं. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पक्की पावती आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं घ्या. तो पावती द्यायला कां-कूं करायला लागला तर इंजिन कितीही स्वस्त असो, तिथून निघा. चोरीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्याच्या नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे साताऱ्याच्या वाचकांच्या जिप्सीसारख्या गाडीत, आधी आरटीओत जाऊन विचारा आणि मग फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स द्या. साताऱ्याच्या वाचकांनी आता उलट्या क्रमानं का होईना, पण जावं.